चौकशी खिडकीवरचे गुरुदेव

राही आणि निषाद,

परवा तुम्ही दोघांनी मेलबर्नहून मला एक चित्र पाठवलंत. छातीपर्यंत पोचलेली पांढरी दाढी, खांद्यावर करडं ब्लँकेट, हातातली काठी पुढे रोखलेली, असा एक म्हातारा, आणि त्याच्याखाली इंग्रजीत गुरुशिष्यांचा संवाद. शिष्य विचारतो, 'गुरुदेव, उद्या परीक्षा आहे आणि मी एकही पुस्तक उघडलेलं नाही.' गुरू म्हणतो, 'बाळा, वेळ आली की पुस्तकच तुला उघडेल.' खाली तुम्ही लिहिलं होतं, 'आजी, तू वाचून दाखवायचीस त्या गोष्टींमधल्या म्हाताऱ्या जादूगारासारखा आहे ना हा?' मी उत्तर म्हणून, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा पाठवला. पाठवला आणि तेव्हापासून मला चैन नाही. तो माणूस जादूगार नाही. तो नागपुरात, आमच्याच इमारतीत, माझ्या बरोबर खालच्या घरात राहतो. मी या घरात आल्यापासून तुमचं येणं झालेलं नाही, म्हणून तुम्ही त्यांना ओळखलं नाहीत. मी ओळखलं, तरीही तो चेहरा पाठवला. आता निदान तुम्हा दोघांना तरी खरं काय ते कळावं म्हणून लिहिते आहे. सोपं लिहीन. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

सबंध नागपुरात, आणि नागपूरच्या बाहेरही बरंच लांबपर्यंत, विचारलेल्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर देणारा दुसरा माणूस झालेला नाही. आम्ही त्यांना 'चौकशीवाले' म्हणतो. तीस वर्षं ते बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. लोक येत, जाळीतल्या भोकाशी तोंड नेऊन एक प्रश्न विचारत, आणि चौकशीवाले त्या प्रश्नाचं उत्तर देऊन वर न विचारलेल्या चार प्रश्नांचीही उत्तरं देत. 'काटोलची गाडी केव्हा?' असं कुणी विचारलं की गाडीची वेळ, फलाटाचा नंबर, पाण्याचा नळ कुठे आहे, सावलीची बाजू कोणती, आणि काटोलला संत्र्याच्या बाजारात जायचं असेल तर स्टँडच्या आधी कुठे उतरायचं, हे सगळं मिळे. तेवढ्यावर सुटका नसे. 'आता म्हणून दाखवा' असं ते सांगत. प्रवाशाने सगळं म्हणून दाखवायचं, चुकलं तर पुन्हा म्हणायचं, मगच रांग पुढे सरकायची. मागचे लोक ओरडत. पण त्यांच्या खिडकीवरून गेलेला माणूस चुकीच्या गाडीत बसला असं तीस वर्षांत एकदाही झालं नाही, असा त्यांचा दावा आहे, आणि तो खोडून काढणारा कुणी मला भेटलेला नाही.

नोकरी संपली, खिडकी गेली, उत्तरं राहिली. ती कुठे ठेवायची हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या पद्धतीने सोडवला. जिन्यात, भाजीच्या गाडीजवळ, लग्नाच्या हॉलबाहेर, जिथे म्हणून कुणी दोन क्षण गोंधळून उभं राहील तिथे चौकशीवाले हजर. एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. एकाच आवारात तीन हॉल, तीन लग्नं. चौकशीवाले फाटकापाशी उभे राहिले ते जेवणं उठेपर्यंत तिथून हलले नाहीत. तिन्ही लग्नांचे पाहुणे त्यांनी ज्याच्या त्याच्या मांडवात पोचवले, आणि एका नवरदेवाचे मामा भलत्याच लग्नात अक्षता टाकायला निघाले होते त्यांना दंडाला धरून मागे आणलं. आहेर कुणालाच द्यायचा राहिला, जेवणही राहिलं. घरी येताना मला म्हणाले, 'मस्त झालं लग्न, वहिनी.' कुठलं, ते मी विचारलं नाही.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ बुटीबोरीच्या कारखान्यात जातात. अकरा वर्षं ते बसमध्ये डाव्या बाजूला बसून भाजत जात आणि भाजत येत. हे कळलं तेव्हा चौकशीवाल्यांना जो धक्का बसला तो पाहण्यासारखा होता. 'अकरा वर्षं! अन् कोणाले विचारलं काहून नाही तुम्ही?' मग त्यांनी पार्किंगच्या फरशीवर खडूने बस काढली, सूर्य काढला. 'हे पहा. सकाळी दक्षिणेले जाता, ऊन डावीकडून येते. संध्याकाळी गाडी फिरते अन् सूर्यही फिरते. म्हणून जातानी उजवीकडं बसायचं, येतानीही उजवीकडंच. म्हणा.' ते गृहस्थ मॅनेजर आहेत. टाय लावलेला, हातात डबा, आणि ते पार्किंगमध्ये उभे राहून म्हणत होते, 'जाताना उजवीकडे, येतानाही उजवीकडे.' आता ते उजवीकडे बसतात. सांगतात की रंग थोडा उजळला.

दाढीचंही सांगते, कारण सगळा घोटाळा त्या दाढीने केला. नोकरीत असताना ते रोज गुळगुळीत दाढी करत. का, तर जाळीच्या त्या भोकातून लोकांना फक्त त्यांची हनुवटी दिसायची. 'लोकं हनुवटीशी बोलत, वहिनी. ती साफ ठेवाच लागे.' भोक गेलं तसा वस्तराही गेला, आणि दाढी सोडलेल्या पाण्यासारखी खाली आली. हातात बांबूची काठी असते, ती टेकण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी. बोटाने रस्ता दाखवला तर लोक बोटाकडे बघतात, काठीने दाखवला तर रस्त्याकडे बघतात, हा त्यांचा अनुभव. थंडीत खांद्यावर ते करडं ब्लँकेट. या सगळ्यांत जादूगार व्हावं असा विचार कुठेही नव्हता.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही, परीक्षा होत्या. तुमचे बाबा एकटे आले. अंत्यविधीच्या दिवशी सकाळपासून चौकशीवाले गल्लीच्या तोंडाशी उभे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला इमारत कोणती, गाडी कुठे लावायची, चपला कुठे काढायच्या हे ते हळू आवाजात सांगत होते. बाबा विमानतळावरून आले आणि बॅग घेऊन गाडीतून उतरले तेव्हा चौकशीवाल्यांनी त्यांनाही थांबवलं. 'एक, बॅग माझ्याजवळ ठेवा. दोन, आई आतल्या खोलीत आहे. तीन, पयले तिच्याजवळ जा, मंग बाकीचं.' आणि वर, 'म्हणून दाखवा.' तुमच्या बाबांनी, एवढ्या मोठ्या इंजिनियरने, रडत रडत ते म्हणून दाखवलं. नंतर मला म्हणाले, 'आई, त्या दिवशी मला जे करायला हवं होतं ते सांगणारा तेवढा एकच माणूस भेटला.'

असं का करता, असं मी त्यांना एकदाच विचारलं होतं. थंडीतल्या दुपारी आम्ही गच्चीवर उन्हात बसलो होतो. ते म्हणाले, 'माझा बाप खेड्यातून नागपूरले येत असे तेव्हाची गोष्ट आहे, वहिनी. रस्ता विचारला तं लोकं पयले आडनाव विचारत. आडनाव सांगितलं की कोणी तोंड फिरवे, कोणी मुद्दाम उलटा रस्ता दाखवे. बाप दिवस दिवस फिरे. मंग छप्पन साली दीक्षेले आम्ही आलो. मी बापाच्या खांद्यावर होतो, लहान होतो, मले काही आठवत नाही. पण बाप मरेपर्यंत सांगे. म्हणे, त्या दिवशी चौकाचौकात माणसं उभी होती, अन् न विचारता सांगत होती, इकडून या, पाणी तिकडं आहे, बसाले जागा तिकडं आहे. म्हणे, आयुष्यात पयल्यांदा न विचारता कोणी सरळ रस्ता सांगितला.' एवढं बोलून ते लगेच मला सांगायला लागले की गच्चीवर बसायचं तर टाकीच्या पलीकडे बसावं, तिथे वारा लागत नाही.

गेली काही वर्षं ते रोज सकाळी मोठ्या सरकारी दवाखान्यात जात. आजारी म्हणून नव्हे. फाटकातून आत गेल्यावर एक सिमेंटचा बाक आहे, त्यावर बसायला. खेड्यापाड्यांतून पहाटेच्या गाडीने माणसं येतात, केसपेपर कुठे काढायचा, कुठली खिडकी, कुठला माळा, काही माहीत नसतं. ती माणसं फाटकातून आत आली की चौकशीवाले काठी उचलत. आलेल्यांपैकी किती जणांना ते आठवत असतील कोण जाणे. त्यांना मात्र सगळे आठवत. संध्याकाळी मला सांगत, 'आज सावनेरकडची एक म्हातारी होती. तिनं पयल्याच झटक्यात बरोबर म्हणून दाखवलं.'

आता माझ्याकडे येते. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, पुस्तक जागच्या जागी नसेल तर मला जेवण गोड लागत नसे. इंग्रजी शाळेत शिकले, कादंबऱ्या इंग्रजीच जास्त वाचल्या. तुम्हाला त्या जादूच्या जाड जाड गोष्टी वाचून दाखवताना मलाही तो म्हातारा गुरू फार आवडायचा. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चौकशीवाले खाली माझ्या शेवंतीच्या कुंड्यांपुढे उभे राहून कुरियरवाल्याला रस्ता दाखवत होते. दाढी, ब्लँकेट, काठी, मागून ऊन. मी वरून उतरले होते, मोबाइल हातात होता, मी फोटो काढला. आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या इमारतीचे स्वतःचे जादूगार गुरू. वाट चुकलेल्यांनी पहिल्या मजल्यावर विचारावे.' प्रेमाने लिहिलं होतं. शुद्धलेखन तपासून टाकलं होतं.

दोन दिवस लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली. मग कुणाच्या तरी भाच्याने तो फोटो कुठे तरी नेला. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा माझं वाक्य गेलेलं होतं आणि शिष्य आलेला होता. 'गुरुदेव, शत्रूचं सैन्य दारात आलंय!' 'बाळा, दार म्हणजे तरी काय?' आठवड्याभरात शिष्य वाढले. 'गुरुदेव, वायफायचा पासवर्ड?' 'तो तुझ्या आतच आहे.' 'गुरुदेव, तलवार कुठे ठेवलीत?' 'जी शोधतोस ती तुलाच शोधते आहे.' एका चित्रात तर गुरुदेव म्हणत होते, 'काय विचारायचं ते लवकर विचार, गोष्टीच्या दुसऱ्या भागात मला मरायचं आहे.' ती चित्रं हिंदीत निघाली, इंग्रजीत निघाली, आणि कुठल्याशा भाषेत निघाली जिची लिपीसुद्धा मला वाचता आली नाही. खोटं कशाला बोलू, काहींना मी हसले. वाईट विनोद नव्हते ते.

चौकशीवाल्यांना ते भाजीवाल्याने दाखवलं. ते तडक वर आले.

'जय भीम, वहिनी. हा मीच ना?'

'तुम्हीच.'

'अन् हे खाली काय लिहून राहिले लोकं?'

मी त्यांना समजावलं की परदेशी गोष्टींत असा एक शहाणा म्हातारा असतो. त्याला सगळं ठाऊक असतं. नायक वाट चुकला की तो येतो, कोड्यात काही तरी सांगतो आणि बहुधा गोष्ट संपायच्या आत मरतो. लोक त्याची गंमत करतात.

त्यांनी बारकाईने ऐकलं. 'म्हणजे याले रस्ता माहीत आहे?'

'हो.'

'अन् माहीत असून सांगत नाही?'

'सांगतो, पण कोड्यात. नायकाने स्वतः शोधावं म्हणून.'

'त्या पोराच्या मागं राक्षस लागला आहे, अन् हा कोडं घालते?' त्यांनी चष्मा काढला. 'याले खिडकीवर कोणी बसवला, बाप्पा?'

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, 'फोटो कोणी काढला असंल?' मी म्हटलं, 'कोण जाणे.' राही, निषाद, तुमची आजी खोटं बोलत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर ते काढून टाका.

त्यानंतर महिनाभर खरी गंमत चालली. गंमत म्हणायचं ती इतरांची. रस्त्यात पोरंपोरी त्यांना थांबवत. 'काका, एक डायलॉग मारा ना!' चौकशीवाल्यांना वाटे, विचारणारा खरंच विचारतो आहे. इतक्या वर्षांच्या सवयीने ते मनापासून उत्तर देत. एकाने मोबाइल धरून विचारलं, 'गुरुदेव, माझं लग्न कधी होईल?' ते म्हणाले, 'मुलगी पाहिली काय? नाही? मंग एक, पयले नोकरीचं सांग. दोन, हे केस काप. तीन, आईले मधात घेजो नको. म्हण आता.' ते चित्रीकरणही फिरलं. त्यावर कुणी तरी गूढ संगीत घातलं होतं. जरीपटका भागातल्या बाजारात एका दुकानदाराने त्यांना बळेच खुर्चीवर बसवून घेतलं, गिऱ्हाईक जमतं म्हणून. ते तासभर बसले आणि आलेल्या गिऱ्हाइकांना स्वेटर कुठल्या दुकानात जास्त चांगले मिळतात ते सांगत राहिले. दुकानदाराने स्वतःच त्यांना रिक्षात बसवून दिलं.

मग तो दिवस. मला डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची होती म्हणून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. माझं काम लवकर झालं आणि मी त्यांच्याच बाकावर, हातात फाईल घेऊन, बसले. काटोलकडच्या एका गावातलं जोडपं फाटकातून आत आलं. नवऱ्याचा चेहरा पिवळा पडलेला, तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. बायको घाबरलेली. चौकशीवाल्यांनी काठी उचलली. 'बाई, पयल्यांदा आल्या काय? घाबरू नका. एक...'

तेवढ्यात मागून आवाज आला. 'अबे, देख देख, गुरुदेव! सेम टू सेम!' तीन-चार तरुण होते, कुणाला तरी भेटायला आले असतील. मोबाइल निघाले. एक जण त्या बाईच्या नवऱ्याशेजारी उभा राहून शिष्याच्या आवाजात म्हणाला, 'गुरुदेव, खिडकी कुठाय?' आणि बाकीचे एका सुरात ओरडले, 'तुझ्या आतच आहे, बाळा!' आजूबाजूची माणसं हसायला लागली. चौकशीवाले म्हणत होते, 'थांबा गा, या बाईले सांगू द्या.' त्या बाईने एकदा दाढीकडे पाहिलं, एकदा काठीकडे, एकदा हसणाऱ्या गर्दीकडे. आणि नवऱ्याला ओढत म्हणाली, 'चला ना हो. कोणी बुवाबिवा दिसते. आपल्याले फसवंल.'

ती भलत्या बाजूला गेली. चौकशीवाले काठी उंच करून मागे धावले, 'बाई, तिकडं नाही! ती औषधाची रांग आहे, बाई!' त्यामुळे ते जास्तच बुवासारखे दिसायला लागले, आणि मोबाइल त्यांच्या मागे धावले. एक मोबाइल माझ्याकडे वळला. मी काय केलं ते आता लिहिते, कारण हे पत्र त्याचसाठी आहे. मला उठून एवढंच म्हणायचं होतं की, 'बाई, हे खरं सांगतात, यांचं ऐका.' मी म्हटलं नाही. मी फाईल तोंडापुढे धरली. आपण अशा चित्रात दिसू नये, एवढं एकच माझ्या मनात होतं.

बारा वाजता खिडक्या बंद झाल्या. ते जोडपं पायरीवर बसलेलं दिसलं. औषधाच्या रांगेत उभं राहून त्यांची सकाळ गेली होती, आणि रांग संपल्यावर कुणी तरी सांगितलं होतं की आधी केसपेपर लागतो, आता उद्या या. नवऱ्याने भिंतीला डोकं टेकलं होतं. चौकशीवाले हळूहळू त्यांच्याकडे गेले, काठी बाकावरच ठेवून. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच ती बाई नवऱ्याच्या आणि त्यांच्या मधे आली. रडकुंडीला आली होती. 'बाबा, आमच्या मागं काहून लागून राहिले तुम्ही? काय पायजे तुमाले?'

त्यांना काहीच नको होतं. ते मागे वळले आणि बाकावरून काठी उचलून आणली. ऑटोमध्ये आम्ही दोघं बसलो, घर येईपर्यंत एक अक्षर नाही. ऑटोवाला चुकीच्या वळणावर वळला, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात मुद्दाम विचारलं, 'दूध आलं का हो?' ते म्हणाले, 'मले नाही माहीत.'

मला वाटलं, दोन दिवसांत सावरतील. आठवडा गेला. नवीन भाडेकरूंचं सामान घेऊन आलेला ट्रक गल्लीत उलटसुलट होत होता, चौकशीवाले खिडकीतून बघत होते आणि गप्प होते. दुसऱ्या मजल्यावरचे मॅनेजर त्यांच्याकडे गेले, अमरावतीच्या गाडीत कुठल्या बाजूला बसू म्हणून. उत्तर मिळालं, 'बसा कुठंही.' मॅनेजर माझ्याकडे येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. मीही माझ्या परीने ग्रुपवर खुलासा टाकला, हे सद्गृहस्थ कोण, काय काम करतात, चार परिच्छेद. खाली पहिलं उत्तर आलं ते गुरुदेवांचं चित्रच. मी माझा मूळ फोटो पुसून टाकला. समुद्रातून एक तांब्या पाणी काढल्यासारखं ते झालं.

शेवटी मी खाली गेले आणि त्यांच्यासमोर बसून सांगितलं, 'तो फोटो मी काढला होता.'

'माहीत आहे,' ते म्हणाले. 'मागं तुमची शेवंती दिसते.'

'मग बोलला का नाहीत? रागवायचं तरी.'

'फोटोचा काय राग, वहिनी. हसले त्याचंही काही नाही. तीस वर्षं लोकं हसलेच. पण मी कोड्यात बोलतो म्हणाले.' ते उठून चहाचं आधण ठेवायला लागले. 'अन् त्या दिवशी तुम्ही तिथं बसल्या होत्या. मले ती बाई ओळखत नव्हती. पण तुम्ही एक शब्द म्हटला असता तं तिनं ऐकलं असतं. तुमचं लोकं ऐकतात.'

त्यांनी मला चहा दिला. मी प्यायले. कप कुठे ठेवायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी दाढी काढली. आतून एक लहानशी, पांढरी पडलेली हनुवटी निघाली. आमच्या वॉचमनने त्यांना फाटकाशी अडवून विचारलं, 'किसके यहाँ जाना है?' आणि ते क्षणभर उभे राहिले, जणू त्यांनाही आठवत नव्हतं. आता रस्त्यात त्यांना कुणी थांबवत नाही. तो म्हातारा मात्र मोबाइलमध्ये तसाच आहे, दाढीसकट, आणि कुठल्याच शिष्याला काही धड सांगत नाही. आता तो तुमच्यापर्यंत पोचला.

माझं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. तपासणीसाठी एकटीच दवाखान्यात गेले. त्या बाकाजवळ एक बाई चहाची किटली घेऊन बसते. मी तिला आधीही पाहिलं असेल, लक्ष दिलं नव्हतं. एक म्हातारा शेतकरी तिच्यापुढे गोंधळून उभा होता, आणि ती कपात चहा ओतता ओतता म्हणत होती, 'एक, समोरच्या इमारतीत केसपेपर. दोन, चार नंबरची खिडकी. तीन, पोटाचं असंल तं वरच्या माळ्यावर, डाव्या हाताले. म्हणा बरं, बाबा.' म्हातारा म्हणायला लागला. मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, 'इथं एक दाढीवाले बाबा बसत. ऐकून ऐकून पाठ झालं, वं माय. ते आता येत नाहीत. मंग कोणी तरी सांगाच लागते ना.'

मी घरी येऊन पर्स खांद्यावर असतानाच त्यांचं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील, रडतील, उठून निघतील. त्यांच्या कपाळावर मात्र आठी आली.

'चार नंबर म्हणते ती?'

'चार.'

'रोज?'

'रोजच म्हणत असेल.'

'मंगळवारी तीन नंबर असते, वहिनी. मंगळवारी चारवर बायांची रांग लागते. हे तिले माहीत नाही.' ते अस्वस्थ झाले. मी म्हटलं, 'मग या ना उद्या, सांगा तिला.' त्यांनी मान हलवली. नाही. 'तुम्ही सांगा,' ते म्हणाले. आणि अगदी हळू, 'सांगाल ना? म्हणून दाखवा.'

मी म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्या चहावाल्या बाईला सांगितलं. तिच्याकडूनही म्हणवून घेतलं. चौकशीवाले अजून दवाखान्यात जात नाहीत, आणि मला वाटतं, जाणारही नाहीत. तिथला त्यांचा बाक रिकामा असतो, त्यावर कुणीही बसतं. पण फाटकातून आत येणाऱ्या नवख्या माणसाला पहिली खिडकी कोणती ते तिथे अजून कुणी तरी सरळ सांगतं, आणि मंगळवारचीही ती बरोबर सांगते.

तुमची,
आजी